मध कधी आंबतो का?

"मध कधी आंबतो का गं?" कराडच्या मावशीनं व्हिडिओ कॉलवर विचारलं, तेव्हा मी तिला ओट्याखालची काचेची बरणी दाखवत होते. बरणीच्या बुचात एक वाकडी नळी, नळीत थोडं पाणी, आणि दर चार-पाच सेकंदांनी 'बुडुक'. आत मधच होता. मावशीच्या फडताळातही मधाची बाटली आहे, तीन वर्षं जुनी. तळाशी साखर धरलीय, पण बुरशी नाही, आंबूस वास नाही, काही नाही. जो पदार्थ तिच्याकडे वर्षानुवर्षं ढिम्म बसून राहतो, तो इंग्लंडात, लीड्समधल्या माझ्या स्वयंपाकघरात फसफसतो कसा, हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता. मीड, म्हणजे मध आंबवून केलेली दारू, समजायला याहून चांगली सुरुवात मला सापडलेली नाही.

उत्तर आहे पाणी. मधात वजनानं साधारण ८० टक्के साखर असते आणि पाणी फक्त १७-१८ टक्के. एवढ्या साखरेत एखादा सूक्ष्मजीव पडला, तर साखर त्याच्याच अंगातलं पाणी ओढून घेते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं, तसंच. लोणचं ज्या कारणानं टिकतं त्याच कारणानं मधही टिकतो. साखर खाऊन अल्कोहोल करणारं यीस्ट मधात असतंच, फुलांवरून आणि माश्यांच्या अंगावरून येतं, पण निपचित पडून असतं. पाणी वीस टक्क्यांच्या वर गेलं की ते जागं होतं. म्हणूनच मधपाळ पोळ्यातली घरं माश्यांनी मेणानं बंद केल्याशिवाय मध काढत नाहीत. कच्चा, पाणचट मध बाटलीतच फसफसायला लागतो. मीड करणारा हेच मुद्दाम करतो. मधात भरपूर पाणी घालतो, वर निवडक यीस्ट सोडतो आणि झाकण लावून वाट बघतो.

पुढे जायच्या आधी कायद्याचं बोलून घेऊ. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. ती घरातली, स्वतःपुरती आणि मधाची असली तरी. गोव्यातही परवाना लागतोच. तेव्हा तिथल्या वाचकांनी हा लेख माहिती म्हणून वाचावा आणि चव बघायची असेल तर परवाना घेऊन मीड करणाऱ्या पुण्याच्या मूनशाइन किंवा नाशिकच्या सेराना यांच्या बाटल्या शोधाव्यात. ब्रिटनमध्ये घरच्या वापरासाठी, विकायची नसेल तर, वाईन आणि बिअर आंबवायला परवाना लागत नाही. अमेरिकेत केंद्राच्या कायद्यानुसार घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन वाईन करता येते, पण राज्याचे नियम वेगळे बघावे लागतात. आणि हे सगळं आंबवण्याबद्दल. भट्टी लावून गाळण्याची गोष्ट वेगळी, तिच्या वाटेला मी जात नाही.

मीड हा शब्द परका वाटतो, पण तो आपल्या 'मधु'चाच चुलतभाऊ आहे. जर्मन 'मेट', रशियन 'म्योद', ग्रीक 'मेथु' आणि संस्कृत 'मधु' ही सगळी एकाच जुन्या मुळाची पोरं. आयुर्वेदात मध्वासव आहेच. मावशी दारूचं नाव काढलं की नाक मुरडते, पण तिच्या कपाटात द्राक्षासवाची बाटली असते आणि त्यात आंबवतानाच अल्कोहोल तयार झालेलं असतं; लेबलावर तसं छापलेलंही असतं. आसवं-अरिष्टं करताना जी धायटीची फुलं घालतात, ती आंबवण्याच्या कामी येतात, कारण त्यांच्यावर यीस्ट बसलेलं असतं. हे सांगितल्यावर मावशी दोन मिनिटं गप्प होती.

आता प्रमाण. माप कसं धरावं हे मला आमच्या गल्लीतल्या पोलिश दुकानानं शिकवलं. पोलंडमध्ये मीडचे चार प्रकार आहेत आणि त्यांची नावंच पाककृती आहेत. पुउतोराक म्हणजे शब्दशः 'दीडवाला': एक माप मध, अर्धं माप पाणी, एकूण दीड. द्वुयन्याक दुप्पट: मध आणि पाणी समसमान. त्रुयन्याक तिप्पट, म्हणजे एकास दोन पाणी. च्फुर्न्याक चौपट, एकास तीन. जितका मध जास्त तितकी मीड गोड, जड आणि तयार व्हायला उशीर. च्फुर्न्याक नऊ महिने मुरवतात, पुउतोराकला तीन वर्षं लागतात. 'दीड'साठी वेगळा शब्द असलेल्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे हिशेब लगेच कळतात. पहिल्यांदा करणाऱ्यानं चौपटीच्याही थोडं पलीकडे, पातळ बाजूला राहावं. दीडवाल्याच्या नादी लागू नये. तेवढ्या दाट साखरेत यीस्टची अवस्था मावशीच्या बाटलीतल्यासारखीच होते.

माझं माप असं: १.२ किलो मध, आणि पाणी घालून एकूण ४ लिटर. मध पाण्यापेक्षा जड असतो, १.२ किलो म्हणजे जेमतेम ८५० मिलिलिटर, तेव्हा पाणी सव्वातीन लिटरच्या आत-बाहेर जातं. बरणी साडेचार-पाच लिटरची घ्यावी, फेसाला जागा हवी. सगळी साखर खाऊन झाली तर यातून साधारण पावणेबारा टक्क्यांची, कोरडी मीड तयार होते. म्हणजे वाईनइतकी कडक.

मध उकळायचा नाही. जुन्या पद्धतीत मधपाणी उकळून वरची साय काढायचे, कारण मधात मेण, माश्यांचे तुकडे, पराग, काय काय असायचं. आज गाळलेला मध मिळतो आणि मधात बाहेरचं काही वाढत नाही हे आपण वर पाहिलंच. उकळण्यानं जातो तो फक्त वास, आणि मीडमध्ये शेवटी उरणार असतो तोच. मध घट्ट झाला असेल तर बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवावी, बस. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर बाटलीबंद साधं पाणी घ्यावं. आरओचं पाणी चालतं, पण त्यात क्षार जवळपास नसतात आणि यीस्टला थोडे लागतात.

स्वच्छतेबद्दल फार लिहीत नाही. ज्या ज्या वस्तूचा मधपाण्याला स्पर्श होणार, ती आधी साबणानं धुवायची, खळखळून साबण काढायचा आणि मग निर्जंतुक करायची. होमब्रूच्या, म्हणजे घरी वाईन-बिअर करण्याचं सामान विकणाऱ्या दुकानात त्यासाठी पूड मिळते. आवळ्याच्या सरबतात टिकावासाठी घालतात ते केएमएसही (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) पाण्यात विरघळवून भांडी विसळायला चालतं. फक्त त्याच्या वाफेवर नाक धरू नये, दमा असलेल्यांनी तर मुळीच नाही.

यीस्टचं पोट

बहुतेकांची मीड इथे बिघडते. माझ्या पहिल्या दोन बरण्याही इथेच बिघडल्या.

द्राक्षाच्या रसात साखर असते, पण त्याबरोबर नायट्रोजन, जीवनसत्त्वं, खनिजं असतात. बिअरच्या धान्यातही असतात. मधात साखर आहे आणि बाकी जवळपास काही नाही. यीस्टला नवीन पेशी बांधायला नायट्रोजन लागतोच. एखाद्या मुलाला महिनाभर नुसत्या खडीसाखरेवर ठेवा आणि मग ते चिडचिड का करतं म्हणून विचारा, असा हा प्रकार. उपाशी यीस्ट दोन गोष्टी करतं. एक, अर्ध्यातच बसकण मारतं आणि मीड गोडमिट्ट, अर्धवट राहते. दुसरं, गंधक असलेले घटक फोडून त्यातून नायट्रोजन मिळवू बघतं आणि बरणीतून सडक्या अंड्यांचा वास सुटतो. माझ्या पहिल्या बरणीचा वास असा होता की घरमालकानं येऊन गॅसची गळती तर नाही ना विचारलं.

यावर जुना नुस्खा मूठभर बेदाण्यांचा आहे. तुम्हाला शंभर ठिकाणी तो सापडेल. त्यात तथ्य नाही. बेदाण्यात नायट्रोजन असतो, पण चार लिटरला पुरेल इतका हवा असेल तर मूठभर नाही, किलोच्या हिशेबात घालावे लागतील आणि मग ती मीड न राहता बेदाण्याची वाईन होईल. चवीसाठी घालायचे तर घाला, जेवण म्हणून नको.

खरं जेवण म्हणजे यीस्ट न्यूट्रियंट. ते दोन प्रकारचं असतं. एक सेंद्रिय, म्हणजे मेलेल्या यीस्टच्याच पेशींची पूड. फर्मेड-ओ हे त्यातलं नेहमीचं नाव. दुसरं डीएपी, डायअमोनियम फॉस्फेट. डीएपी म्हटलं की आपल्याला १८:४६ची पोती आठवतात. रसायन तेच, पण शेतीचं डीएपी खाण्यासाठी शुद्ध केलेलं नसतं. गावाकडून आलेली गोण घरात असली तरी तिला हात लावू नये. मी स्वतः सेंद्रियच वापरते. डीएपी झटपट काम करतं, पण यीस्टला एकदम जोर चढतो, बरणी तापते. शिवाय अल्कोहोल नऊ टक्क्यांच्या पुढे गेलं की यीस्टला डीएपी घेताच येत नाही; तेव्हा घातलेलं तसंच पडून राहतं.

वरच्या मापाला साधारण ४ ग्रॅम फर्मेड-ओ लागतं आणि ते एकदम न देता चार वेळा, एकेक ग्रॅम द्यायचं. यीस्ट घातल्यावर २४ तासांनी, ४८ तासांनी, ७२ तासांनी, आणि चौथा घास एक तृतीयांश साखर संपली की किंवा सातव्या दिवशी, जे आधी येईल तेव्हा (साखर किती संपली हे कसं मोजायचं ते पुढे येतंच). लहान मुलाला थोडं थोडं भरवतात तसं. ग्रॅम मोजायला दागिन्यांचा छोटा वजनकाटा बरा पडतो. चमच्याच्या अंदाजावर मी एकदा दुप्पट घालून बसले होते.

आणि पूड थेट बरणीत टाकायची नाही. हे मी ठळक अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलंय. उसळत्या मधपाण्यात वायू विरघळलेला असतो. त्यात कोरडी पूड पडली की प्रत्येक कणाभोवती बुडबुडा धरतो आणि सगळा वायू एकदम वर येतो. सोड्याच्या बाटलीत मीठ टाकून बघितलंय ना लहानपणी? दुसऱ्या बरणीच्या वेळी माझ्या ओट्यापासून भिंतीवरच्या घड्याळापर्यंत मधाचा फेस गेला होता. चिकट जमीन तीन वेळा पुसली तरी चपला दोन दिवस चटचट वाजत होत्या. तेव्हापासून आधी बरणी हळूहळू गोल फिरवून वायू निघू देते, पूड वाटीभर पाण्यात कालवते, आणि मग ओतते.

वायू किती निघतो याचा अंदाज नसतो म्हणून हे होतं. साखरेच्या वजनाचं जवळपास निम्मं अल्कोहोल होतं आणि निम्मं कार्बन डायऑक्साइड. १.२ किलो मधातून, खोलीच्या तापमानाला, अडीचशे लिटरच्या आसपास वायू बाहेर पडतो. गच्चीवरच्या पाण्याच्या छोट्या टाकीएवढा. म्हणूनच बरणीला घट्ट झाकण लावायचं नसतं. एअरलॉक, म्हणजे ती पाण्याची वाकडी नळी, वायू बाहेर जाऊ देते आणि हवा, चिलटं आत येऊ देत नाही. ती नसेल तर तोंडाला फुगा बांधून त्याला सुईनं भोक पाडलं तरी काम भागतं.

यीस्ट कोणतं? पावाचं यीस्टही मीड करतं, दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातं, फक्त गाळ सैल बसतो आणि चव जरा पावाची येते. वाईनचं यीस्ट स्वस्तच असतं. नवख्यानं त्यातलं ७१बी नावाचं घ्यावं: गरमी बऱ्यापैकी सोसतं आणि मीड लवकर पिण्याजोगी होते. ईसी-१११८ हा घोडा आहे, १८ टक्क्यांपर्यंत धावतो, पण मधाचा नाजूक वास त्याच्या दौडीत मागे राहतो. डी-४७ची मीड सुंदर होते, मात्र त्याला २० अंशांच्या वर ठेवलं की रुसतं. पाकीट ५ ग्रॅमचं येतं. चार लिटरला सगळं घातलं तरी बिघडत नाही. ते अर्धी वाटी कोमट पाण्यात, हाताला सोसेल इतक्या, पंधरा मिनिटं भिजवावं, मग त्यात चमचा-चमचा मधपाणी घालून निववावं आणि नंतर बरणीत ओतावं. गरम यीस्ट थंड मधपाण्यात एकदम ओतलं तर निम्मं तिथेच मरतं.

पहिल्या दोन-तीन दिवसांत यीस्टला हवाही लागते. रोज दोनदा बरणी हलवावी. एक तृतीयांश साखर संपली की मात्र हवा शत्रू होते; तिथून पुढे ढवळणं बंद, नाहीतर मीडला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

ऊब आणि गारवा

यीस्टला १८ ते २२ अंश हवेत. तिशीच्या वर गेलं की ते घाईघाईनं खातं आणि जड अल्कोहोल सोडतं. अशी मीड घशाला रॉकेलसारखी लागते आणि डोकं धरतं. वर्षभर मुरवली तरी तो जाळ पूर्ण जात नाही. शिवाय आंबताना उष्णता निघते, त्यामुळे बरणीच्या आत खोलीपेक्षा एक-दोन अंश जास्तच असतं. लीड्समध्ये माझा त्रास उलटा असतो, जानेवारीत बरणीला शाल गुंडाळते. पण ॲरिझोनात राहणाऱ्या माझ्या आतेभावाला मी माठाची युक्ती सांगितली: बरणी पाण्याच्या घमेल्यात ठेवायची, तिला ओला पंचा गुंडाळायचा, पंच्याचं टोक पाण्यात, आणि समोर पंखा. कोरड्या हवेत बरणी तीन-चार अंशांनी सहज उतरते. दमट हवेत, सिंगापूर किंवा ह्यूस्टनला, याचा फारसा उपयोग नाही; माठ कोकणात कुठे तेवढा गार होतो? तिथे घमेल्यात बर्फाच्या बाटल्या बदलत राहणं एवढंच हातात असतं.

मोजल्याशिवाय विश्वास नको

'बुडुक' थांबलं म्हणजे आंबणं संपलं असं नाही. बूच सैल असेल तर वायू बाजूनं जातो. उलट, खोली तापली तर आंबणं संपल्यावरही विरघळलेला वायू बुडबुडत राहतो. आंबणं खरंच संपलं का, हे हायड्रोमीटर सांगतो. डेअरीत दूध तपासायला लॅक्टोमीटर असतो, त्याचाच हा भाऊ: काचेची तरंगती नळी, द्रव जितका दाट तितकी वर राहणारी. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. माझं मधपाणी पहिल्या दिवशी १.०८८ दाखवतं. साखर संपत जाते तसा आकडा उतरतो, १.०५९ला आला की एक तृतीयांश साखर संपली, चौथा घास द्यायची वेळ. शेवटी तो १.०००च्याही खाली, ०.९९८ वगैरे जातो, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१नं गुणलं की अल्कोहोलचे टक्के येतात. १.०८८ वजा ०.९९८ म्हणजे ०.०९०, गुणिले १३१ म्हणजे ११.८. पहिल्या दिवशीचं माप घ्यायला विसरलात तर शेवटी किती टक्के झाले हे सांगता येत नाही, म्हणून तेवढं एक माप चुकवू नका. दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा तोच आकडा आला, की आंबणं थांबलं.

ते थांबायला तीन ते सहा आठवडे लागतात. मग तळाशी मेलेल्या यीस्टचा, ताकातल्या चोथ्यासारखा दाट गाळ बसतो. वरची मीड रबरी नळीनं दुसऱ्या स्वच्छ बरणीत ओढून घ्यायची. वरून ओतायची नाही, हवा मिसळते. नळीचं टोक नव्या बरणीच्या तळाशी टेकवायचं, म्हणजे आवाज न होता भरते. ही बरणी काठोकाठ भरलेली असावी. आता तीन-चार महिने तिच्याकडे बघायचं नाही. गढूळपणा बहुतेक वेळा आपोआप बसतो. नाहीच बसला तर बेंटोनाइट नावाची माती मिळते, मुलतानी मातीच्याच जातीतली. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर होतं तसं ती तरंगणारे कण गोळा करून तळाशी नेते.

महिन्याची मीड चाखून निराश होऊ नका. ती तीक्ष्ण, पातळ, काहीशी औषधी लागते. माझी तिसरी बरणी मी याच टप्प्यावर बेसिनमध्ये ओतून दिली. एक बाटली विसरून राहिली. दहा महिन्यांनी ती उघडली तेव्हा झाकण निघाल्याबरोबर रानातल्या फुलांचा वास आला, आणि ओतून दिलेल्या तीन लिटरबद्दल मी आजतागायत हळहळते.

कोरडी मीड सगळ्यांना आवडत नाही. मावशी गेल्या उन्हाळ्यात इकडे आली होती. औषध म्हणून घे, असं मी म्हटलं नाही, कारण मध असला तरी ही दारूच आहे आणि तिनं काही बरं होत नाही. मावशीनं स्वतःच घोटभर घेतली आणि म्हणाली, "वास मधाचा आहे गं, पण गोडी कुठं गेली?" यीस्टनं खाल्ली. मी तिच्या ग्लासात अर्धा चमचा मध ढवळून दिला. गोड करण्याचा सगळ्यात सुरक्षित मार्ग तोच: ग्लासात. बाटलीत मध घालून बूच लावलं तर उरलंसुरलं यीस्ट पुन्हा खायला लागतं, वायू कोंडतो आणि बाटली फुटते. काच घरभर उडते, डोळे जाऊ शकतात. फ्रिजमध्ये ठेवल्यानं यीस्ट झोपतं, मरत नाही. बाटलीतच गोड हवी असेल तर आंबणं पूर्ण थांबल्यावर, मीड नितळ झाल्यावर, पोटॅशियम सॉर्बेट आणि केएमएस दोन्ही, पाकिटावरच्या प्रमाणात घालून मग मध घालावा. नुसतं सॉर्बेट पुरत नाही. ते यीस्ट मारत नाही, फक्त वाढू देत नाही. म्हणून आंबणं चालू असताना घातलं तर उपयोग शून्य.

एक भीती हमखास विचारली जाते: घरच्या दारूनं डोळे जातात का? विषारी दारूच्या बातम्यांमागे मिथेनॉल असतं आणि ते बहुधा औद्योगिक स्पिरिट मिसळल्यानं आलेलं असतं. आंबवताना मिथेनॉल तयार होतं ते प्रामुख्यानं फळांच्या सालीतल्या पेक्टिनपासून, तेही किरकोळ. मधात पेक्टिन जवळपास नसतंच. मीड बिघडली तर आंबट होते, व्हिनेगर होते. मात्र वर केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर साय काढून चाखायच्या फंदात पडू नका, सगळी ओतून द्या.

आणि मध कोणता? वास घेऊन निवडा. साखरेचा पाक मिसळलेला मधही फसफसतो, पण साखर गेल्यावर मागे काहीच उरत नाही. आणि पाण्यात थेंब टाकून किंवा काडी पेटवून भेसळ कळते हा निव्वळ गैरसमज आहे. ओळखीच्या मधपाळाकडून घेणं उत्तम. इथे यॉर्कशरच्या माळांवर हेदरच्या जांभळ्या फुलांचा मध मिळतो. तो बरणीत जेलीसारखा थिजलेला असतो, चमचा फिरवला की पातळ होतो, ठेवला की परत थिजतो. त्याची मीड किंचित कडवट आणि धुरकट होते. महाबळेश्वरच्या जांभळाचा मध मी एकदा भावाकडून मागवला होता, अर्धा किलो. गडद, तुरट, घशाशी कडू. तो मात्र मीडमध्ये घालायचा धीर झाला नाही. भाकरीबरोबर संपवला.

मसाले आणि फळं दुसऱ्या बरणीत, आंबणं थांबल्यावर घालावीत, म्हणजे वास वायूबरोबर उडून जात नाही. वेलदोडे चार लिटरला तीन-चार पुरतात. लवंग एकच, आणि आठवड्यात काढायची. दोन राहिल्या तर मीड दातदुखीच्या औषधासारखी लागते. कोकमाची मीड करायची माझी फार इच्छा होती. पहिल्या वेळी आगळ ओतलं आणि त्यात मीठ असतं हे ओतून झाल्यावर आठवलं. ती मीड कुणालाच पिता आली नाही. या वेळी रत्नागिरीहून बिनमिठाची वाळवलेली सालं आणली आहेत, पन्नास ग्रॅम, निर्जंतुक केलेल्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून. आंबणं संपायची वाट न बघता, वरचा नियम मोडून, मी ती परवाच सोडली. मधपाणी आधीच आंबट असतं, त्यात कोकमाची भर पडली तर यीस्ट बसकण मारेल अशी धास्ती आहे. काल आकडा १.०१४ होता. आज सकाळी १.०१२. रंग डाळिंबासारखा झालाय, आणि बुडुक अजून चालू आहे.